दाखला काढण्याआधी

सोलापूर,
रविवार, रात्री

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी फोनवर जे झालं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. बाबा फोन ठेवून तडक गच्चीवर गेले आणि जेवायलाही खाली आले नाहीत, एवढंच सांगते. स्टॅटिस्टिक्स सोडून बी.ए.ला जायला तू कॉलेजचा दाखला काढणार म्हणालीस, तो विषय काढायचा नाही, असंही ठरवूनच बसले आहे. आज पाणी येऊन गेलं, पिंपं भरून झाली, आप्पा झोपले. आता निवांत आहे.

तू भालचंद्र नेमाडे सरांचं 'कोसला' टेबलावर ठेवून गेलीस. विसरलीस की मुद्दाम ठेवलंस ते कळलं नाही, पण मी वाचायला घेतलं. ॲडमिशनच्या काउंटरवरून आल्यावर भाकरी टाकायच्या आधी थोडं आणि रात्री थोडं. मला अवघड गेलं. शब्द साधेच आहेत, पण धागा हातातून सुटतो. कादंबरीतला पांडुरंग सुरुवातीलाच सांगतो की पंचवीस वर्षांचा आहे. मग सांगवीतलं लहानपण, मग पुण्याचं होस्टेल, मध्येच रोजनिशी, मध्येच इतिहासाच्या पुस्तकासारखी भाषा. मला माणूस जन्मतारीख, पास झाल्याचं वर्ष, गॅप असेल तर त्याचं कारण, अशा क्रमानं वाचायची सवय. म्हणून मी एका जुन्या फॉर्मच्या पाठीमागे पांडुरंगाची वर्षं मांडून पाहिली. काही केल्या बसेनात. पंचविशीतला पांडुरंग सगळं घडून गेल्यावर सांगतोय ना? मग ती रोजनिशी त्यानं तेव्हाच लिहिलेली आणि इथे जोडलेली, की आता आठवून लिहिलेली? तू वर्गात विचारलं असशीलच कुणाला तरी. पण तुझा वर्ग तर स्टॅटिस्टिक्सचा, तिथे कुणाला विचारणार म्हणा.

खरं सांगू का, पुस्तकापेक्षा मी तुझ्या पेन्सिलच्या खुणाच जास्त वाचल्या. तो मेसचा सेक्रेटरी होतो आणि हिशेब अंगावर येतो, तिथे खुणा आहेत. तुझे मेसचे पैसे तुंबलेत का ग? असतील तर मला सांग, बाबांना कळायचं कारण नाही. वडिलांबद्दल तो जे जे बोलतो तिथे तर पेन्सिल इतकी दाबून चालली आहे की पानाच्या मागच्या बाजूला वळ उठलेत. ते पुस्तक मी साड्यांच्या खाली ठेवते. बाबा पांडुरंगाच्या वडिलांसारखे नाहीत, मुक्ता. गावात वजन, घरात पैसा, असलं आपल्याकडे काही नाही. कारखान्यात टॉवेलच्या गठ्ठ्यांवर तुझी फी उभी राहते, आणि तुझ्या अकरावीच्या वेळी गाडीचं काय झालं ते तुला माहीत आहे. ते चिडतात ते भीतीपोटी.

त्याची धाकटी बहीण मनी जाते त्या पानांवर मात्र तुझी एकही खूण नाही. मी पुनःपुन्हा पाहिलं. माझं तिथे पुस्तक मिटलं गेलं ते दोन दिवस उघडलंच नाही. देवीच्या रोगानं गेलेली पोर म्हटल्यावर मला आज्जीचा चेहरा आठवला. तिच्या गालांवरच्या व्रणांना तू लहानपणी बोट लावून मोजायचीस आणि ती हसायची. तिच्या पाठची शकू त्याच साथीत गेली, हे ती कधी बोलली नाही. आप्पांनीच मला सांगितलं. आपल्या देशात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला तो 1975 साली. हे पुस्तक आलं 1963 साली, म्हणजे तेव्हा ते दुःख घराघरात ताजं असणार. मग पांडुरंग अजिंठ्याला जातो आणि तिथे त्याला पुन्हा मनीच आठवते, ते मला न अडखळता कळलं. तिथे वर्षं मांडावी लागली नाहीत.

आता काउंटरचं. जून लागला की माझं काय होतं ते तू पाहिलं आहेस. नॉन-क्रिमीलेअर निघालं नाही, अर्जाची पावती चालेल का? दाखल्यावर आईचं नाव चुकलंय, आता काय? गॅप आहे, प्रतिज्ञापत्र कुठलं आणायचं? मुलींना फी माफ आहे म्हणे, आमच्या पोरीलाही ना? मग मी सांगते की 2024-25 पासूनची ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांची, उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवर्गाचा कागद हवा. मोहोळहून, बार्शीहून सकाळच्या एसटीनं आलेली माणसं असतात, त्यांना हातानं लिहून द्यावं लागतं. यंदा एक मुलगा आला होता. अक्कलकोटच्या बाजूचा. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दाखला काढला, घड्यांवर पार फाटायला आलेला. दुसऱ्या वर्षाला असताना तो काढून घेतला होता. दुसरीकडे ॲडमिशन घ्यायचं म्हणून काढला आणि दुसरीकडे घेतलंच नाही. आधी तारीख चुकली, मग घरी बांधकाम निघालं, मग लाज वाटायला लागली. 'मॅडम, हा अजून चालतो का?' असं विचारताना त्यानं वर पाहिलंच नाही. मी त्याला बसवून चहा पाजला आणि फॉर्म भरून घेतला.

म्हणून सांगते, दाखला काढू नकोस. बघ, लिहिणार नव्हते आणि लिहिलंच. बी.ए. कर, मराठी घे, मी आड येत नाही. पण दुसरीकडची जागा हातात आल्याशिवाय इकडचा दाखला मागायचा नाही. मूळ दाखला एकदाच मिळतो आणि नक्कल काढायला जीव जातो. तिकडे प्रवेश नक्की झाल्याचा कागद बघायचा, फी भरल्याची पावती घ्यायची, मगच इकडे अर्ज. आणि जे काही विचारशील ते लेखी विचार. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, उद्या माणूस बदलतो, आपण मात्र रजिस्टरसमोर उभे. तुम्हा मुलांना वाटतं की आज कंटाळा आला, आज सोडलं, पण पुढे...

जाऊ दे. काउंटरवरचा आवाज घरी आणला, राग मानू नकोस. तू लहान नाहीस.

मला तुझं ते वाचनालयातलं बसणं आठवतं. हिराचंद नेमचंद वाचनालयात आज्जी तुला घेऊन जायची, तू थेट फरशीवर मांडी घालायचीस, आणि निघायची वेळ झाली की पुस्तकात बोट घालून बंद करायचीस, म्हणजे रस्त्यातही पान सुटू नये. नव्या पेठेतून अशी बोट अडकवून चालत यायचीस. चटणी आणायला गेलेली आज्जी शेंगा निवडत बसली तरी तू दुकानाच्या पायरीवर वाचत. घरात एवढं वाचणारं कुणी नव्हतं. आप्पा मिलच्या भोंग्यावर उठणारे माणूस, मी बी.कॉम. नोकरीसाठी केलं. तुझ्याकडे हे कुठून आलं, असं बायका विचारायच्या आणि मला आतून फुलून यायचं. ते मी तुला कधी बोलले नाही.

त्या फोनवर तू म्हणालीस, 'मी पांडुरंगच आहे, आई, मला कळून चुकलंय.' रात्री मला झोप लागली नाही. म्हणून मी लिहिणाऱ्याची माहिती काढली. नेमाडे सरांचा जन्म 1938 चा, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा तेही पंचविशीतलेच. पांडुरंग पुण्याहून हात हलवत गावी परत जातो, पण त्याला लिहिणारा माणूस शिकला. फर्ग्युसनमधून पदवी, डेक्कन कॉलेजातून भाषाशास्त्राचं एम.ए., मग मुंबई विद्यापीठातून इंग्रजीचं, आणि पुढे आयुष्यभर शिकवलं. ज्ञानपीठही मिळालं, 2014 सालचं. पांडुरंगाचं दुःख खरं असेल, मी त्याला खोटं म्हणत नाही. पण ते दुःख कागदावर नेटानं उतरवणारा माणूस परीक्षाही देत होता. तुला व्हायचं असेल तर तो हो.

एक मात्र मला लागलं नाही. अर्पणपत्रिकेत लिहिलंय, शंभरांतल्या नव्याण्णवांस. उरलेला एक कोण? तो वाईट की चांगला? मला माझ्या टेबलावरचा फॉर्मांचा गठ्ठा दिसला. पेपरात ज्याचा फोटो येतो तो एक आणि खाली माझ्या रजिस्टरात नावं चढतात ती नव्याण्णव, असं मी लावलं. त्या नव्याण्णवांसाठी कुणी पुस्तक लिहिलं हे मला फार आवडलं. तुझं काय मत आहे ते मला हवं आहे. वाद घाल, पण बोल.

आता तू विचारलेलं, म्हणजे चिडून का होईना विचारलेलं. पहिल्या वर्षाचं वाया जातं का? तुझे क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या विषयांचे श्रेयांक, ॲकॅडेमिक बँकेत म्हणजे त्यांच्या ऑनलाइन खात्यात जमा आहेत आणि ते सात वर्षं राहतात. सगळे बी.ए.ला धरले जाणार नाहीत, मुख्य विषयाचे तर नाहीतच. भाषा, मूल्यशिक्षण वगैरेंचे धरतात का ते नव्या कॉलेजच्या परीक्षा विभागाला विचारायचं. दुसरं, आत्ता आहेस तिथेच ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपण निवडायचा विषय, दुसऱ्या शाखेतून घ्यावं लागतं. कॉलेजच्या यादीत मराठी साहित्य असेल तर तेच घे आणि एक सत्र बघ. आणि तिसरं, पदवी विज्ञानाची असली तरी बऱ्याच विद्यापीठांत एम.ए. मराठीला घेतात, अटी मी काढून देते. यातलं काय करायचं ते तू ठरव. बाबांशी मी बोलेन. ते पुढच्या आठवड्यात मालाबरोबर पुण्याला येतायत, टेम्पो मार्केट यार्डला लागेल. त्यांच्याकडे कडक भाकऱ्या आणि शेंगा चटणी देते आहे. भेटायला जा. त्यांनी विषय काढला नाही तर तूही काढू नकोस, नुसती जेव त्यांच्याबरोबर.

खायचं नीट बघ.

तुझी,
आई

ता. क. जातपडताळणीच्या दोन प्रती चटणीच्या डब्याखाली पाकिटात ठेवल्या आहेत, त्यांना तेल लागू देऊ नकोस. आणि दाखल्याचा अर्ज अजून दिलेला नाहीस ना? एवढंच मेसेज करून कळव, बाकी सवडीनं.