शून्ये गाळली की निर्यातबंदीच गायब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कांदा निर्यातबंदीने किती नुकसान झाले, यावर लेख आणि प्रबंध येत आहेत, हे चांगलेच आहे. पण गणित जुन्या पद्धतीने मांडले, तर ते नेमके बंदीच्या महिन्यांतच फसते.

दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारावर आणि अंतरावर ठरतो, हे ‘ग्रॅव्हिटी मॉडेल’ टिनबर्गेन यांनी 1962 मध्ये मांडले. पुढे ते निर्यातीच्या आकड्याचा लॉग (लॉगरिदम) घेऊन सोडवायची प्रथा पडली. शून्याचा लॉग निघत नाही, खरी अडचण इथेच आहे. बंदी 8 डिसेंबर 2023 ला लागली आणि मे 2024 च्या सुरुवातीला उठली. मधल्या महिन्यांत सरकारने मोजक्या देशांनाच कांदा पाठवू दिला. तक्त्यात प्रत्येक देशाची दर महिन्याला एक ओळ असते; बाकीच्या देशांच्या ओळीत शून्य लागते. लॉग घेतला की सॉफ्टवेअर त्या सगळ्या ओळी गाळते, माल गेलेले महिनेच उरतात आणि बंदीचा फटका किरकोळ दिसतो. काही जण सगळ्या आकड्यांत 1 मिळवून लॉग घेतात. तो उपाय तर घातकच, कारण टनांऐवजी किलो घेतले तरी उत्तर बदलते. सांतोस सिल्वा आणि तेनरेरो यांनी 2006 मध्ये सुचवलेल्या पॉयसाँ पद्धतीत निर्यातीचा लॉग न घेता मूळ आकड्यांवरच गणित होते, म्हणून शून्ये जशीच्या तशी राहतात. ‘आर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती चालवता येते.

दुसरा सापळा सहज लक्षात येत नाही. आजच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक निर्यातदार देशाला दर महिन्याचा वेगळा स्थिरांक देतात, म्हणजे त्या महिन्यातल्या त्याच्या सगळ्या निर्यातीला सारखाच लागू होणारा एक आकडा. बंदी माल घेणाऱ्या सर्व देशांना सारखीच लागू असेल, तर तो स्थिरांकच तिचा सगळा परिणाम गिळून टाकतो. म्हणून बंदी लागू नसलेली देशांतर्गत विक्रीही तुलनेसाठी त्याच तक्त्यात घ्यावी लागते. त्यासाठी लासलगावसारख्या बाजार समित्यांची आवक हाताशी आहे, पण ती नीट लावायला मेहनत पडते.

भावाचेही तसेच. बंदी उठल्यावर टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य आणि 40 टक्के शुल्क होते. किमान मूल्याची अट असेपर्यंत कागदावरचा दर त्याखाली जाऊच शकत नव्हता. त्याला बाजारभाव समजू नये. आणि ताजा कांदा (सीमाशुल्काच्या वर्गवारीत क्रमांक 0703) व सुका कांदा (क्रमांक 0712) यांची बेरीज करू नये, बंदी ताज्यावर होती.

असे निष्कर्ष छापण्याआधी आपण लेखकाला एवढे जरूर विचारावे: मूळ तक्त्यात ओळी किती होत्या आणि गणितात किती उरल्या?

आपले,
व्यापार-अर्थशास्त्राचे काही अध्यापक, नाशिक