टिलव्याचे पाय नीट बघ

चि. ऋता हिस,
अनेक आशीर्वाद.

पक्षी अभयारण्यात लांब बोटांचा टिलवा दिसल्याचं कळवलंस, वाचून फार आनंद झाला. सायबेरियात वीण करून इतक्या लांब येणारा हा पक्षी जेमतेम तीस ग्रॅमचा! पण नोंद टाकण्याआधी उद्या उजाडताच पुन्हा जा. तुझ्या फोटोतला पक्षी टेमिंकचा टिलवाही असू शकतो.

पाय पिवळसर असले की छोटा टिलवा बाद होतो, त्याचे काळे असतात. मात्र चिखल माखला की पायांचा रंग हमखास फसवतो, म्हणून पक्षी पाण्यातून बाहेर येताक्षणी बघ. टेमिंकची पाठ साधी, राखट तपकिरी असते आणि तो दबकून चरतो. लांब बोटांच्या टिलव्याच्या पाठीवर ठळक गडद रेघा असतात, सावध झाला की मान ताणून उभा राहतो आणि डोक्यावरची गडद टोपी कपाळावरून चोचीपर्यंत उतरते. खालच्या चोचीचं बूड फिकट असतं. मधलं बोट चोचीशी ताडून बघ, ते लांब भरायला हवं.

शेपटीही बघायला हवी: कडेची पिसं पांढरीशुभ्र असली तर तो टेमिंकचाच. त्यासाठी पक्ष्याला उठवू मात्र नकोस. प्रवासाने थकलेल्या पक्ष्याला चरायला मिळणं आपल्या नोंदीपेक्षा महत्त्वाचं. एखादा भोवत्या, म्हणजे शिकारी पक्षी, डोक्यावरून गेला की थवा आपणहून उडेल, कॅमेरा तयार ठेव. एक्स्पोजर थोडं कमी ठेव, नाहीतर फिकट पिसं सगळीच पांढरी दिसतील. उडताना आवाज मोबाइलवर टिपून घे. रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावू नकोस.

सूर्य पाठीशी घे. एवढ्या बारकाव्यांना ८×४२ची दुर्बीण अपुरी पडते, तिपाईवरचा स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, कुणाकडून तरी मागून ने. ऊन तापलं की चिखलावरची हवा थरथरू लागते, मग कितीही चांगल्या भिंगातून बोटं स्पष्ट दिसत नाहीत. पक्षी चरायचा थांबून मान उंचावू लागला तर चार पावलं मागे ये. एका फोटोत शेजारी ओळखीचा पक्षी येऊ दे, आकाराचा अंदाज येतो. आणि पुस्तक उघडण्याआधी वहीत लिही, एकदा चित्र पाहिलं की न दिसलेलंही दिसल्यासारखं वाटतं.

पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रंगीत कडी असतील तर पाय डावा की उजवा, कडं सांध्याच्या वर की खाली आणि रंगांचा वरून खाली क्रम, हे सगळं टिपून मला कळव.

तुझा,
बाबा