खोली क्रमांक ७ मधल्या माझ्या भावाबद्दल तक्रार

दिनांक : १२ जून २०२४
नागपूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
प्रौढ दिव्यांगांचे निवासी केंद्र, नागपूर

विषय : औषधे चुकवणे, खोटी नोंद आणि कबूल केलेली ‘सपोर्टेड लिव्हिंग’ (हवा तेवढाच आधार देऊन स्वतंत्र जगू देण्याची) सेवा न देणे

महोदय,

माझा धाकटा भाऊ, वय ४१, जुलै २०२२ पासून तुमच्याकडे राहतो. त्याला बौद्धिक अक्षमता आहे आणि मिरगीचा त्रास आहे. आई गेल्यावर त्याला तुमच्याकडे ठेवलं. मी त्याची कायदेशीर पालक आहे. दर महिन्याला २४,००० रुपये भरते, शिवाय २ लाखांचं डिपॉझिट तुमच्याकडे जमा आहे. आजवर जे बोलायचं ते फोनवर बोलले. आता लिहून देते, कारण फोनवर तुम्ही दर वेळी ‘बघतो ताई’ म्हणता आणि विषय तिथेच राहतो.

आधी गोळ्यांचं. भावाला सोडियम व्हॅल्प्रोएटची ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-रात्र लागते. ही गोळी अचानक बंद झाली तर झटका येऊ शकतो, हे भरतीच्या वेळी मी लिहून दिलं होतं आणि डॉक्टरांची चिठ्ठीही जोडली होती. २७ मे रोजी सकाळी साडेसहाला त्याला न्हाणीघरात झटका आला, डोकं नळावर आपटलं, पाच टाके पडले. मला फोन आला साडेनऊला.

त्याच दुपारी मी त्याचा गोळ्यांचा डबा उघडला. १ मे रोजी सकाळी मी ७० गोळ्या दिल्या होत्या. २६ तारखेच्या रात्रीपर्यंत ५२ संपायला हव्या होत्या, म्हणजे १८ उरायला हव्या. २१ निघाल्या. शनिवार रात्र, रविवार सकाळ, रविवार रात्र, अशा तीन वेळा त्याला गोळी दिलीच नाही. वहीत मात्र तिन्ही ठिकाणी सही आहे, आणि ती सही आहे पुतणीच्या लग्नाला गावी गेलेल्या तुमच्या नेहमीच्या कर्मचारी दादांची. मी टपाल खात्यात ३१ वर्षं काढली, साहेब. कोणती नोंद रोजच्या रोज होते आणि कोणती मागाहून एका बैठकीत भरली जाते, ते मला पान पाहून कळतं. बदलीवर आलेल्या मुलाला मी दोष देत नाही. एजन्सीने त्याला शनिवारी दुपारी पाठवलं, नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे दिवस, लागला होता, वरच्या मजल्यावरचा कूलर बंद, आणि त्याच्या एकट्याच्या भरवशावर चौदा माणसं. कोणाला काय द्यायचं हे त्याला कोणी सांगितलं होतं का, एवढंच मला लेखी हवं आहे.

पण हे पत्र लिहायला बसले ते मुख्यतः चहासाठी.

माझा भाऊ स्वतः चहा करायचा. आईने त्याला ते चार वर्षं लावून शिकवलं होतं. स्टीलच्या पेल्यावर नेलपॉलिशची रेघ होती, तिथपर्यंत पाणी. ते गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतायचं. साखर दोन चमचे, अद्रक खलबत्त्यात ठेचून. दूध वर यायला लागलं की गॅस बंद, मग सांडशी, मग गाळणी. गंज उचलताना तो दर वेळी मोठ्याने ‘गरम आहे’ म्हणायचा, स्वतःलाच. पाहुणे आले की विचारायचा, ‘अजी, चहा मांडू का?’ दुधाची पिशवीही कोपऱ्यावरून तोच आणायचा आणि सुटे पैसे परत मागायचा. आई म्हणायची, याला एवढं आलं, आता मी मरायला मोकळी.

तुमच्या माहितीपत्रकात ‘स्वतःच्या पायावर जगण्यासाठी हवा तेवढाच आधार’ असं छापलं आहे. ते वाचूनच मी तुमच्याकडे आले. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सांगितलं, स्वयंपाकघरात रहिवाशांना बंदी, सुरक्षेचा प्रश्न आहे. गॅसची भीती मी समजू शकते. म्हणून मी इंडक्शन देऊ केलं, ते घेतलं नाही. सकाळी एक तास मावशींनी नुसतं शेजारी उभं राहावं, असं सुचवलं. उत्तर आलं, ‘ताई, तेवढ्या वेळात आमचा चौदा जणांचा चहा होऊन जातो.’ तुमचं हे वाक्य मला दोन वर्षं विसरता आलेलं नाही. त्यात सगळंच आलं.

गेल्या आठवड्यात टाके काढायला नेताना त्याला दोन दिवस घरी आणलं. सकाळी गंज समोर ठेवला. तो ओट्यापाशी उभा राहिला आणि हात पुढे करून कपाची वाट पाहत राहिला. रेघेचा पेला हातात दिला तर त्यातून पाणी प्यायला.

तुमचे लोक वाईट नाहीत. स्वयंपाकाच्या मावशी त्याच्या ताटात सांबारवडी आठवणीने ठेवतात. पण सगळं उरकण्याची घाई आहे, आणि उरकायचं म्हटलं की माणसाला बसवून ठेवणं सोपं पडतं. गेल्या सप्टेंबरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, तुम्ही सगळ्यांच्या हातात लाकडी नंदी आणि डोक्यावर कागदी मुकुट देऊन फोटो फेसबुकवर टाकलात, खाली ‘आमची गोड मुलं’. आमच्या गल्लीत हा माणूस खिशात सुटी नाणी घेऊन दारात बसायचा आणि नंदी घेऊन येणाऱ्या पोरांना बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, द्यायचा! तो फोटो काढून टाका.

पैशांचं थोडक्यात. दरमहा २,५०० रुपये ‘उपक्रम शुल्क’ कशाचं, याची एकही पावती मला मिळालेली नाही. नॅशनल ट्रस्ट कायद्याप्रमाणे त्याच्या पैशांचा वार्षिक हिशेब मला जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत द्यावा लागतो. तिथे मी काय लिहू?

माझ्या मागण्या अशा : १ मे ते २७ मे या काळातली औषधांची वही आणि ड्युटीचा तक्ता यांच्या प्रती. टाके व दवाखान्याच्या खर्चाची भरपाई. उपक्रम शुल्काचा हिशेब, आणि उपक्रम झालेच नसतील तर रक्कम परत. रात्रपाळीला औषधं देणाऱ्या माणसाचं नाव रोज फळ्यावर. आणि आठवड्यातून किमान तीन सकाळी भावाला कोणाच्या तरी देखरेखीत चहा करू देणं, हे त्याच्या वैयक्तिक आराखड्यात लेखी घालणं. इंडक्शन माझं, गंज आणि पेलाही माझाच.

‘मग दुसरीकडे बघा’ असं कृपा करून म्हणू नका. नागपुरात प्रौढांसाठी अशा जागा किती आहेत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि आम्ही नातेवाईक गप्प बसतो ते त्यामुळेच. दुसरंही एक कारण असतं : तक्रार आपण करायची आणि राग निघायचा आतल्या माणसावर. म्हणून स्पष्ट लिहिते, या पत्रानंतर त्याच्याशी वागण्यात काही फरक पडला तर मला कळेल. तो सांगू शकत नाही असं समजू नका, तो सांगतो, ऐकणाऱ्याला वेळ हवा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाजात राहण्याचा हक्क दिलेला आहे, तुमच्या ऑफिसातल्या भिंतीवर त्याचा तक्ताही आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात आणि दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला तक्रार करीन. कागद जुळवून ठेवले आहेत.

रविवारी चार वाजता नेहमीप्रमाणे येते आहे. पेला सोबत आणते, रेघ पुसट झाली होती, नवीन ओढली आहे.

आपली,
खोली क्र. ७ मधील रहिवाशाची मोठी बहीण व कायदेशीर पालक

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी, दवाखान्याची बिले, २७ मे रोजी मोजलेल्या गोळ्यांचा फोटो, माहितीपत्रकाची प्रत