मुंबई अप्रोचवरच्या मॅडम, मनापासून आभार

मॅडम, नमस्कार.

परतीच्या पावसातली ती संध्याकाळ तुमच्या लक्षातही नसेल. मुंबईत उतरायला आलेल्या आम्हा वैमानिकांना तुम्ही रेडिओवरून वाट दाखवत होतात. घाटाकडून आलेल्या ढगानं वारा एकदम फिरवला आणि 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणाऱ्यांच्या पाठीत वारा भरला. बहुतेक प्रवासी विमानांना मागचा वारा साधारण 10 नॉट म्हणजे ताशी 10 सागरी मैलांपर्यंतच चालतो, ओल्या धावपट्टीवर तर तेवढाही नको वाटतो. 14 क्रमांकाची धावपट्टी घ्यावी लागणार हे उघड होतं. मुंबईत दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एक बदलली की सगळी घडीच मोडते. 27 च्या तोंडाशी रांगेत असलेली विमानं दुसऱ्या टोकाला न्यायची, 27 वर शेवटचं कोण आणि 14 वर पहिलं कोण हे टॉवरशी, म्हणजे धावपट्टी सांभाळणाऱ्या नियंत्रकांशी ठरवायचं, एटिसवर (विमानतळाच्या हवामान-धावपट्टीच्या ध्वनिमुद्रित माहितीवर) नव्या आवृत्तीचं अक्षर चढवायचं. आणि हवेतल्यांना ‘जरा थांबा’ म्हणता येत नाही.

अशा गडबडीत तुम्ही शांतपणे म्हणालात, “एक्स्पेक्ट रनवे वन फोर, टेन एक्स्ट्रा माइल्स. टेक युअर टाइम, रिपोर्ट रेडी.” म्हणजे 14 ची तयारी करा, दहा मैल जादा देते, घाई नको, तयार झालात की कळवा.

180 नॉटच्या वेगाला दहा सागरी मैल म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. तेवढ्यात संगणकात नवा अप्रोच (उतरण्याचा मार्ग) भरून झाला, आयएलएस (धावपट्टीपर्यंत नेणारे रेडिओ संकेत) तपासला, धावपट्टी दिसली नाही तर जिच्या खाली जायचं नाही ती किमान उंची बदलली, गो-अराउंडचा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा मार्ग एकमेकांना वाचून दाखवला. 27 ची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास, 14 तीनच्या आत. म्हणून ओल्यात थांबायला किती लागेल ते पुन्हा काढलं, ऑटोब्रेक (उतरल्यावर आपोआप लागणारा ब्रेक) त्याप्रमाणे लावला. इंधन जादा गेलं सव्वाशे-दीडशे किलो. एवढ्या स्वस्तात एवढी सुरक्षितता कुठे मिळते?

दुसऱ्या एका ठिकाणी, अशाच पावसात, आठ मैल उरले असताना धावपट्टी बदलल्याचं कळवलं गेलं. ‘जमेल का?’ एवढंही कुणी विचारलं नाही. घाईत आकडा चुकतो, उंची आणि वेग जुळत नाहीत, आणि 1,000 फुटांवर विमान स्थिर नसेल तर गो-अराउंड ठरलेलाच. मग तेच विमान पुन्हा रांगेच्या शेवटी. किती वेळ लागेल, तर उत्तर एकच: ‘स्टँडबाय’, म्हणजे थांबा. याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र मागे घिरट्या घालणाऱ्यांना आकडा दिलात, वीस मिनिटं. आकडा हातात असला की थांबायचं की अहमदाबादला वळायचं याचा हिशेब वेळेत होतो. समोरच्याचे हात कामात आहेत हे ओळखून बोलणं, खरं ते आधी सांगणं, हा चांगुलपणा नियमांच्या पुस्तकातून येत नाही.

टॉवरची फ्रिक्वेन्सी देऊन तुम्ही ‘गुड इव्हिनिंग’ म्हणालात. मागे विमानं होती, आभारासाठी फ्रिक्वेन्सी अडवणं बरं नव्हतं. म्हणून हे पत्र. तुमच्या शेजारी बसून टॉवरशी बोलत होते त्या सहकाऱ्यांनाही वाचून दाखवा.

आपला,
त्या संध्याकाळी 14 वर उतरलेला एक वैमानिक