परत आलेली वीज मोजताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

साखर कारखान्यांचे पट्टे पडायला, म्हणजे गाळप हंगाम संपायला, आले की यंत्रे बदलण्याचे ठराव सुरू होतात. लातूर, धाराशिव, बीडकडे सध्या सेंट्रिफ्यूगलच्या (गरगर फिरून साखरेतून मळी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) नव्या ड्राइव्हची, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाची, चर्चा आहे. ब्रेक लागताना मोटर वीज उलट लाइनवर टाकते, त्यातून पैसे लवकरच वसूल होतील, असे विक्रेते सांगतात. वीज परत येते हे खोटे नाही. पण ती मोजायची कशी, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. पैसा सभासदांचा आहे, म्हणून हे पत्र.

बॅच सेंट्रिफ्यूगल दर काही मिनिटांनी हजार-बाराशे आरपीएमपर्यंत चढतो, मळी बाहेर फेकतो आणि साखर खरवडण्यासाठी पन्नासेक आरपीएमवर उतरतो. हिशेबापुरते साखरेसकट टोपलीचे जडत्व 1200 किलोग्रॅम-चौरस मीटर आणि वेग 1100 आरपीएम धरा. त्या फिरण्यात सुमारे 80 लाख ज्यूल, म्हणजे 2.2 युनिट साठलेले असतात. साध्या डायोड ब्रिजच्या व्हीएफडीत (वीज फक्त आत घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये) ते ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जळून जातात. त्या पेटीजवळ उभे राहवत नाही. अ‍ॅक्टिव्ह फ्रंट एंडचा, म्हणजे वीज दोन्ही दिशांनी नेणारा, ड्राइव्ह ते लाइनवर पाठवतो, पण सगळे नाही. हवेचे घर्षण, मोटर, दोन्ही कन्व्हर्टर, फिल्टर, प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. शिवाय मशीन उभे असतानाही हा ड्राइव्ह थोडी वीज खातच असतो.

ड्राइव्हच्या डिस्प्लेवर परत केलेल्या युनिटचा आकडा झळकतो, त्यावर जाऊ नये. अनेक ड्राइव्हमध्ये तो मोटरच्या बाजूने काढलेला अंदाज असतो. लाइनवर प्रत्यक्ष काय पोचले ते त्यात नसते. अँमीटरचे तर नावच नको. वीज येत असो की जात असो, त्याचा काटा एकाच बाजूला हलतो. ड्राइव्हच्या इनपुटला आवक आणि जावक वेगळी नोंदवणारा मीटरच हवा. आपल्याकडचे बरेच मीटर चोरी रोखण्यासाठी उलटी वीजही सुलटी धरून बेरीज करतात. छतावर सोलर बसवणाऱ्यांपैकी अनेकांनी हा अनुभव घेतला आहे. तसा मीटर लागला, तर परत दिलेले युनिटही खर्चातच जमा.

एका कारखान्यात (नाव सांगत नाही) नव्या ड्राइव्हच्या फीडरवरचा वापर एकदम एक-तृतीयांशावर आला. संचालकांच्या मोबाइलवर मीटरचे फोटो फिरले. मग एका वायरमनने मीटरचे बटण दाबत फेजनिहाय किलोवॅट पाहिले. आर आणि वाय अधिक, बी मात्र कायम उणे, मशीन वेग घेत असतानासुद्धा! त्या फेजचा सीटी (मीटरला करंटचे माप देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) उलटा बसला होता. तीन सारख्या फेजपैकी एक वजा झाली की बेरजेत एकीपुरतेच उरते. सीटीच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि बचत गायब झाली.

उलटा प्रकारही होतो. चार मशीनचे ड्राइव्ह आतून एकाच डीसी बसवर (सामाईक डीसी लाइनवर) जोडलेले असतील, तर एक उतरते तेव्हा दुसरे चढते आणि वीज आतल्या आत खपते. मीटरवर जावक जवळजवळ शून्य, बचत मात्र खरी. म्हणून ‘परत किती आली’ हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. पूर्ण पाळीत आवक वजा जावक किती आणि तेवढ्यात एकाच प्रतीच्या मॅसेक्विटचे (साखर आणि मळीच्या दाट मिश्रणाचे) चार्ज, म्हणजे भरलेल्या टोपल्या, किती निघाले, एवढे लॉगबुकात लिहा. एका चार्जला किती युनिट लागले ते कळले की वाद मिटतो. तोच मीटर जुन्या मशीनवर आधी लावायला हवा, गाळप चालू आहे तोवरच. पट्टा पडल्यावर तुलना कशाशी करणार?

मुख्य मीटरवर ही वीज शोधू नये. कारखान्यातले पंप आणि पंखे ती आधीच वापरून टाकतात. तरी को-जन (स्वतःची वीजनिर्मिती) असलेल्या कारखान्यात आत वाचलेले युनिट बाहेर विकता येते, म्हणून ते मोलाचे आहे. जालन्याच्या रोलिंग मिल आणि वाळूजच्या कारखान्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. 1 एप्रिल 2020 पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामाला आलेल्या नव्हे तर लाइनवरून ओढलेल्या एकूण विजेवर, निघते. नवा ड्राइव्ह पॉवर फॅक्टर (ओढलेल्यापैकी कामाला आलेल्या विजेचे प्रमाण) सुधारतो, त्यामुळेही बिल उतरते. ते श्रेय ब्रेकिंगच्या खात्यावर टाकू नये. आणि क्रेन दिवसातून मोजक्याच वेळा जड माल खाली सोडत असेल, तर माझ्या मते साधा रेझिस्टरच बरा.

मीटर आणि तीन सीटी यांचा खर्च ड्राइव्हच्या किमतीपुढे किरकोळ आहे. विक्रेत्याचा शेवटचा हप्ता चार्जमागच्या युनिटवर ठेवावा, सीटीची दिशा दोघांच्या समक्ष तपासून सही घ्यावी, आणि ही अट टेंडरमध्येच घालावी. ऑर्डर निघाल्यावर विक्रेता ती मान्य करत नाही.

आपला,
एक निवृत्त इलेक्ट्रिकल सुपरवायझर, जि. लातूर