डबे धुण्याआधी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. मामांच्या छोट्या रेल्वेगाड्या तुझ्याकडे आल्या, म्हणजे योग्य हातात पडल्या. पण रविवारी सगळे डबे ॲसिटोननं पुसून काढणार असं लिहिलंयस, ते मात्र कृपा करून करू नकोस. हे डबे बहुतेक पॉलिस्टायरीन नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि ॲसिटोनमध्ये ते विरघळतं. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, पेट्रोल यांतलं काहीही जवळ आणू नकोस. खिडकीची कड एकदा वितळली की गेलीच.

आधी नुसता कोरडा ब्रश घे. मेकअपचा मऊ, रुंद ब्रश यासाठी उत्तम. टपापासून खाली झाडत ये, आणि शिड्या, कठडे असतील तिथे त्यांच्या लांबीच्या दिशेनंच फिरव. आडवा धक्का लागला तर ते मोडतात. कोरड्या कापडानं घासायचं नाही. त्यानं प्लास्टिकवर स्थिर वीज साठते, धूळ उलट ओढली जाते आणि चरेही पडतात. माझ्या मते निम्म्याहून जास्त डब्यांचं काम एवढ्यावरच भागेल.

धूळ तेलकट होऊन बसली असेल तरच पाणी वापर. त्याआधी चाकं आणि आतलं लोखंडी वजन काढून ठेव, नाहीतर ते गंजेल. कागदी लेबलं लावलेल्या वाघिणी तर भिजवूच नकोस. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब पुरे. गरम पाण्यानं पातळ भाग वाकतात. अक्षरांवर, चिन्हांवर हात अगदी हलका ठेव. शेवटी डिस्टिल्ड वॉटरमधून काढलंस तर पांढरे डाग राहत नाहीत. मग सावलीत वाळू दे, ड्रायर नको.

चाकांवरच्या काळ्या थरासाठी कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घे. ते रंगावर आणि पारदर्शक खिडक्यांवर जाऊ देऊ नकोस; रंग आणि अक्षरं सुटू शकतात, काचेला बारीक तडे जाऊ शकतात. रूळही त्याच दिवशी पूस, नाहीतर तोच मळ परत चाकांवर चढेल. इंजिनाला पाणी अजिबात नको, आत मोटर आहे. डबे जोडायचे आकडे अडत असतील तर तेल न घालता ग्रॅफाइटची चिमूटभर पूड घाल, कारण तेलावर धूळ बसते.

गार्डाचा डबा पिवळा पडलाय म्हणतोस, तो बहुधा मळ नाही. उजेडानं आणि वयानं प्लास्टिक पिवळं होतं, घासून ते जात नाही. त्याला तसाच ठेव, मी आलो की दोघं मिळून बघू.

तुझा,
अविनाश