डेकाबंदीच्या नियमातून अणुवीज केंद्रांच्या केबल्सचे कलम का वगळले?

प्रति,
माननीय रसायन नियमन मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आम्ही एका अणुवीज केंद्राला पाठवलेला केबलचा ड्रम तिथल्या फाटकावरून परत आला. ही केबल आज बनवलेली नाही. ती सात वर्षांपूर्वी बनली, तिच्या सर्व चाचण्या तेव्हाच पार पडल्या, आणि एका पंपाची जुनी केबल बदलण्यासाठी ती राखीव साठ्यातून मागवण्यात आली होती. सोबतच्या कागदपत्रांत आम्ही खरे तेच लिहिले, की हिच्या आवरणात डेकाब्रोमोडायफिनाइल ईथर हे आग रोखणारे रसायन, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘डेका’, आहे. आपल्या खात्याच्या नव्या नियमात आधीच तयार असलेल्या मालाबद्दल एक ओळही नसल्यामुळे तो उतरवून घेण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. ड्रम आता आमच्या आवारात ताडपत्रीखाली उभा आहे आणि पंपाची जुनी केबल जिथल्या तिथे आहे.

असे होणार नाही, असा शब्द आपल्या खात्याने दिला होता. मसुद्यावरच्या बैठकीला मी हजर होतो. बसवलेल्या केबल्स आणि त्यांचा राखीव साठा यांसाठी स्वतंत्र कलम येईल, असे वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष सांगितले आणि मी ते त्याच वेळी वहीत टिपून घेतले. अंतिम नियम हाती आल्यावर मी तो पुन्हा पुन्हा वाचला. ते कलम त्यात नाही. ते का वगळले, हे विचारणाऱ्या माझ्या तीन पत्रांची पोचसुद्धा आली नाही, म्हणून हे चौथे पत्र सर्वांना वाचता यावे असे लिहीत आहे.

मी सव्वीस वर्षे केबल कारखान्याच्या कंपाउंड विभागात, म्हणजे आवरणाचे मिश्रण बनवणाऱ्या विभागात, काम केले आहे, त्यामुळे डेका हे माझ्यासाठी यादीतले नुसते नाव नाही. त्यात वजनाने सुमारे ८३ टक्के ब्रोमीन असते. आवरण पेटू लागले की हे ब्रोमीन सुटे होऊन ज्वाळेतल्या रासायनिक क्रियांची साखळी तोडते, आणि जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड असले की थोड्या मालात काम भागते. म्हणूनच कित्येक दशके केबलवाल्यांनी त्यावर भिस्त ठेवली. मात्र तेच डेका निसर्गात टिकून राहते, सजीवांच्या शरीरात साठते, आणि हळूहळू ब्रोमीन गमावत त्याच कुळातल्या अशा संयुगांत बदलते ज्यांना निसर्गात टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ मध्येच टाकले गेले होते. डेका स्वतः त्या यादीत २०१७ मध्ये गेले. ते जायलाच हवे होते, आणि डेका पुन्हा खुले करा अशी मागणी मी करणार नाही.

कशी करणार? ती पांढरी भुकटी पोत्यातून हॉपरमध्ये ओतताना हवेत उठायची आणि मिक्सरच्या झाकणावर, खिडकीच्या गजांवर, आमच्या भुवयांवर बसायची. सुरुवातीची कितीतरी वर्षे आम्ही नाकाला रुमाल बांधून पाळ्या केल्या. घरी पोहोचल्यावर माझी लहान मुलगी धावत येऊन बिलगायची आणि माझ्या अंगात तोच सदरा असायचा. घरातल्या धुळीत आणि आईच्या दुधात हे रसायन सापडते, मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होण्याची भीती आहे, हे मी पुढे वाचले, त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचे रक्त एकदा तपासून द्या, असा अर्ज मी आधी मालकांकडे केला, मग कारखान्यांच्या तपासनिसांकडे, मग आरोग्य खात्याकडे. अशा तपासणीची तरतूद नाही, एवढे एकच उत्तर मला तिन्ही ठिकाणी मिळाले. माझ्या पाळीतल्या एकाही माणसाला आपल्या शरीरात काय साठले आहे हे आजतागायत माहीत नाही, आणि ज्या नियमाच्या प्रस्तावनेत मानवी आरोग्याचा उल्लेख चार वेळा आहे, त्यात ही पोती उचलणाऱ्या माणसांबद्दल एक शब्द नाही. महोदय, याचा राग माझ्या मनातून जात नाही आणि तो मी लपवणारही नाही.

तरीही अणुवीज केंद्रातली केबल ही दूरचित्रवाणी संचाच्या कवचासारखी वस्तू नाही, हे मला आपल्याला सांगितलेच पाहिजे. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्रात भिंतीतून हवा गळते का, हे पाहण्यासाठी कामगारांनी मेणबत्ती धरली. केबल्सभोवतीचा फोम पेटला, आग सुमारे सात तास चालली आणि १,६०० हून अधिक केबल्स निकामी झाल्या. एका अणुभट्टीची आणीबाणीची शीतकरण यंत्रणा त्यामुळे हातची गेली. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन पेटला आणि आग केबल्सच्या वाटेने पसरत गेली. केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. मुख्य आणि पर्यायी पुरवठ्याच्या केबल्स एकमेकींजवळून नेलेल्या असल्यामुळे पर्यायही जळाला, आणि अणुभट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून अंधारात, हातात विजेऱ्या घेऊन, माणसांनी वर चढून अणुक्रिया थांबवणाऱ्या बोरॉनच्या झडपा उघडल्या. दोन्ही ठिकाणी अणुभट्टी शाबूत होती. जळाल्या त्या तिला वीज आणि आज्ञा पोहोचवणाऱ्या केबल्स.

अशा जागी बसणारी केबल पात्र कशी ठरते, हे आपल्या मसुदाकारांनी एकदा तरी पाहायला हवे होते. १९७४ च्या मानकापासून रूढ असलेल्या चाचणीत उभ्या ट्रेवर केबल्स बांधून खालून २० मिनिटे बर्नर लावतात, आणि आग ट्रेच्या माथ्यापर्यंत चढता कामा नये. हा सोपा भाग झाला. त्याशिवाय नमुना गरम भट्टीत आठवड्यांमागून आठवडे ठेवून चाळीस वर्षांचे म्हातारपण त्याला दिले जाते. नंतर गॅमा किरणांचा मारा होतो, आणि त्याची नेहमीची एकूण मात्रा २० लाख ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) असते. माणसाला एका वेळी पाच ग्रे मिळाले तरी जीव वाचणे कठीण असते. मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या बंद दाबपात्रात, अपघाताच्या वेळची वाफ आणि दाब सोसायचा, तोही केबलमधून वीज वाहत असताना. शेवटी ती केबल रुळावर, म्हणजे जाड गोल दांड्यावर, गुंडाळून पाण्यात बुडवायची आणि वर विजेचा दाब द्यायचा. एका नव्या मिश्रणाचा नमुना रुळावर वाकवताना मी जवळ उभा होतो. दिसायला आवरण ठणठणीत होते. अर्धा वळसा झाला आणि वाळक्या पापडीसारखा आवाज होऊन ते उभे चिरले. दीड वर्षाचे काम त्या आवाजासरशी संपले आणि आम्ही पुन्हा पहिल्या पोत्यापासून सुरुवात केली.

डेकाऐवजी दुसरे काही घाला, हे कागदावर लिहायला एक ओळ पुरते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तापल्यावर पाणी सोडून आग थोपवते आणि विषारी धूरही देत नाही, पण ते आवरणाच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भरावे लागते. मग आवरण कडक होते, त्याची ताण सोसण्याची शक्ती घटते, आणि वाफेच्या चाचणीत आत ओल धरण्याची धास्ती वाढते. काहींनी डेक्लोरेन प्लस या दुसऱ्या आगरोधक रसायनाकडे मोर्चा वळवला, तर २०२३ मध्ये तेही स्टॉकहोमच्या यादीत गेले. काहींनी मध्यम साखळीची क्लोरिनयुक्त पॅराफिने धरली, तर २०२५ मध्ये त्यांचाही क्रमांक लागला. जुन्या आवरणांत सर्रास वापरलेले हायपॅलॉन हे कृत्रिम रबर ड्यूपाँ कंपनीने २०१० मध्येच बंद केले. ते कोणत्या नियमामुळे नव्हे, पण आमच्या हातचा एक पर्याय गेला तो गेलाच. प्रत्येक वेळी भट्टी, गॅमा, वाफ आणि रूळ हे सगळे नव्याने करावे लागते. कोणते रसायन किती वर्षे चालेल हे आपले खाते आधी सांगत नाही, आणि चाळीस वर्षांची हमी मात्र केबलवाल्याकडून घेतली जाते.

इतरांनी हा प्रश्न कसा हाताळला ते आपल्या खात्यापुढे होते. २०१७ च्या सूचीत डेकासाठी ज्या सवलती लिहिल्या गेल्या, त्यांत जुन्या वाहनांचे सुटे भाग आहेत, विमाने आहेत, घरगुती तापयंत्रांचे प्लास्टिकचे भागही आहेत. अणुवीज केंद्राची केबल नाही. विमानाचे आणि मोटारीचे सुटे भाग जर कुणाला आठवले, तर अणुभट्टीचे का आठवले नाहीत? अमेरिका त्या कराराची सदस्य नाही, पण तिथल्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०२१ च्या आपल्या डेकाबंदीत अणुवीज केंद्रांच्या केबल्सचे नाव घेऊन दोन वर्षांची मुदत दिली. ती पुरत नाही हे दिसल्यावर २०२४ मध्ये नियम दुरुस्त करून ती वाढवली, आणि त्याच दुरुस्तीत कामगारांच्या संरक्षक साधनांची सक्तीही आणली. चूक तिथेही झालीच, पण ती मान्य करून सुधारली गेली.

आपल्याकडे हे का होत नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. रसायनांचा नियम लिहिणारे एका इमारतीत बसतात, आगीची मानके सांभाळणारे दुसऱ्या, अणुसुरक्षा पाहणारे तिसऱ्या. तिघांनाही केबल दिसते, पण प्रत्येकाला तिचा एकेकच गुण दिसतो. बैठक बोलावली जाते, सह्या घेतल्या जातात, इतिवृत्त लिहिले जाते आणि त्या इतिवृत्तातले अंतिम मसुद्यात काय उतरले, याचा हिशेब कोणी कोणाला देत नाही. ज्याने आश्वासन दिले त्याची बदली होते, नवा अधिकारी फाइल नव्याने वाचतो, आणि आमच्यासारख्यांनी सुट्टी टाकून, स्वखर्चाने येऊन मांडलेले सगळे म्हणणे ‘सूचना प्राप्त’ या दोन शब्दांत संपते. नियम मोडणाऱ्याला शिक्षा आहे. नियम लिहिताना दिलेला शब्द मोडणाऱ्याला कोणती शिक्षा आहे, हे मला कोणी सांगू शकलेले नाही.

माझे मागणे फार नाही. बसवलेल्या केबल्स आणि नियमाआधी बनलेला राखीव साठा त्यांचे आयुष्य संपेपर्यंत वापरता येईल, असे कलम स्पष्ट शब्दांत नियमात घालावे. अखंड आवरणातून डेका बाहेर पडण्याचे प्रमाण अत्यल्प असते. धोका असतो तो भुकटी मिसळताना आणि केबल भंगारात सोलताना किंवा जाळताना, तेव्हा निर्बंधाचा सगळा जोर त्या दोन टोकांवर यावा. केबल जाळून तांबे काढण्यावर कडक बंदी हवी आणि काढलेल्या केबलची नोंद मीटरनुसार ठेवली जावी. नव्या मिश्रणांच्या भट्टी, गॅमा आणि वाफेच्या चाचण्या सरकारी प्रयोगशाळेत सामाईकपणे करून त्यांचे निष्कर्ष सर्व उत्पादकांना खुले करावेत, म्हणजे प्रत्येकाला तीच वर्षे वेगवेगळी घालवावी लागणार नाहीत. आणि ज्यांनी डेकाची पोती फोडली त्या सर्वांच्या रक्ताची तपासणी करून तिचा अहवाल त्यांच्याच हातात द्यावा. माझ्या मुलीलाही त्यात धरावे.

पंपाची ती केबल केवळ शटडाउनमध्येच, म्हणजे अणुभट्टी बंद ठेवलेली असतानाच, बदलता येते आणि पुढचा शटडाउन अकरा आठवड्यांवर आला आहे. त्याआधी मला लेखी उत्तर हवे आहे. बैठकीतल्या वाक्याची नोंद असलेले माझ्या वहीचे पान या पत्रासोबत जोडले आहे.

आपला,
केबल कारखान्यातील एक कंपाउंड पर्यवेक्षक